एका नंबरच्या दोन प्लेटा: अंबडच्या ब्लोअर कारखान्यातलं पार्ट नंबर आणि रिव्हिजनचं प्रकरण

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली ही कंपनी द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरला जोडायचे ब्लोअर बनवते. मॉडेल, नंबर, मापं असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. अडचण, वाद आणि निर्णय जसे झाले तसे ठेवले आहेत. कॅड डेटाची (संगणकावरच्या ड्रॉइंग-मॉडेलच्या फाइल्सची) घडी बसवून द्यायला मी बाहेरून गेलो होतो. बैठकांना हजर होतो, पण सही माझी कुठेच नव्हती.

पार्श्वभूमी

ट्रॅक्टरच्या पीटीओवरून (जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या मागच्या टोकावरून) ५४० आरपीएमने फिरणारा शाफ्ट येतो, गिअरबॉक्स तो वेग वाढवून पंख्याला देतो आणि पंख्याची हवा नोझलमधून निघालेलं औषध कॅनॉपीच्या, म्हणजे वेलींच्या पानोऱ्याच्या, आत ढकलते. कंपनीची मुख्य मॉडेल्स दोन, ४०० लिटर आणि ६०० लिटर टाकीची. पंप, गिअरबॉक्स, पंखा विकतचे. फ्रेम, ब्रॅकेट, प्लेटा कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे बाहेरून लेझर कटिंग करून यायच्या आणि वेल्डिंग, असेंब्ली घरात व्हायची.

धंद्याचं कॅलेंडर द्राक्षाच्या हातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की पुढे फवारणी थांबवून चालत नाही. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी म्हणजे केवडा रोगाच्या भीतीने रोज टाकी भरावी लागते. अशा वेळी मशीन दोन दिवस उभं राहिलं तर नुकसान बागेचं होतं, आणि ते पुढच्या वर्षी विक्रीत दिसतं. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडचा बागायतदार ब्लोअरची किंमत विचारायच्या आधी पार्ट कुठे मिळतो हे विचारतो. त्यामुळे या कंपनीत पार्ट नंबर हा डिझाइनवाल्यांपेक्षा डीलर आणि मेकॅनिकच्या तोंडी जास्त असायचा.

डिझाइनला पाच जण, पाचही सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरवर. सगळ्या फाइल्स सर्व्हरवरच्या एका सामायिक ड्राइव्हवर, मॉडेलप्रमाणे फोल्डर करून. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ आणि ‘फायनल ओके’ ही भावंडं तिथेही होतीच. आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र होतं. त्याच्या ७.५ कलमात दस्तऐवजांवर नियंत्रण लागतं, म्हणून ड्रॉइंगची मास्टर लिस्ट एक्सेलमध्ये ठेवलेली होती. ऑडिटच्या आठवड्यात ती चकचकीत असायची.

नंबरची पद्धत बोलकी होती. ‘बीएल-४००-जीएम-०१२’ म्हणजे ब्लोअर, ४०० लिटर, गिअरबॉक्स माउंटिंग, बारावा पार्ट. नंबर वाचला की पार्ट कुठला ते कळायचं, आणि याचा मालकांना अभिमान होता. खरी गोम तिथेच होती.

अडचण

६०० लिटरचं मॉडेल नंतर आलं. त्यात गिअरबॉक्स तोच, म्हणून तो बसवायची १० मिमी जाडीची प्लेटही तीच. पण ६०० च्या पार्ट लिस्टमध्ये ‘बीएल-४००’ लिहायचं कसं? मग डिझायनरने फाइल कॉपी करून नाव दिलं ‘बीएल-६००-जीएम-००४’. भोकं, जाडी, बाहेरचा आकार सगळं जसंच्या तसं. एका प्लेटला दोन नंबर झाले, दोन ड्रॉइंग झाली, स्टोअरमध्ये दोन बिन झाल्या.

काही वर्षांनी गिअरबॉक्सचा सप्लायर बदलला. गिअरबॉक्सच्या पायाच्या भोकांमधलं अंतर जुन्यात १२० मिमी होतं ते नव्यात १३० मिमी झालं. ४०० च्या डिझायनरने ०१२ नंबरची प्लेट उघडली, भोकं सरकवली, रिव्हिजन (ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीचं अक्षर) सी ची डी केली, मास्टर लिस्टमध्ये नोंद केली. कागदोपत्री सगळं रीतसर. नंबर बदलावा हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण तिथे बदल म्हणजे रिव्हिजन असंच समीकरण होतं.

६०० चं काय, हा प्रश्न विचारला गेला होता हे विशेष. दुसऱ्या डिझायनरने ६०० ची असेंब्ली उघडून पाहिली, गिअरबॉक्स आणि प्लेटची भोकं एकमेकांवर बरोबर आली, तो म्हणाला, “ओके आहे.” गिअरबॉक्सच्या मॉडेलची फाइल दोन्ही फोल्डरमध्ये एकाच नावाने होती. ४०० च्या फोल्डरमध्ये नवी, ६०० च्या फोल्डरमध्ये जुनी. त्याने जुनी प्लेट जुन्या गिअरबॉक्सवर तपासली. सॉलिडवर्क्स एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइल्स एका वेळी उघडू देत नाही. आधी जी उघडलेली असेल तीच असेंब्लीत घेते. म्हणजे त्याने सकाळी आधी ४०० चं काम उघडलं असतं तर हीच असेंब्ली त्याला चुकीची दिसली असती. स्क्रीनवर काय दिसणार हे कोणती फाइल आधी उघडली यावर ठरत होतं!

हंगामात याची तीन टोकं बाहेर आली.

६०० च्या लाइनवर नवे गिअरबॉक्स जुन्या प्लेटवर बसेनात. घाईने लेझरवाल्याला नव्या प्लेटा कापायला सांगितलं. त्याच्याकडे कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली डीएक्सएफ (कटिंगसाठी द्यायची ड्रॉइंगची फाइल) होती, नावात नंबर होता पण रिव्हिजन नव्हती. त्याने तीच कापून पाठवली. पुन्हा जुनीच भोकं.

तिसरं टोक सगळ्यांत महाग पडलं. दिंडोरी तालुक्यातल्या एका डीलरने पार्ट बुकात पाहून ०१२ नंबरची प्लेट मागवली. गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनची प्लेट वेल्डपाशी तडकली होती. स्टोअरच्या बिनमध्ये सी आणि डी दोन्ही एकावर एक. वरची उचलली, ती डी निघाली. जुन्या गिअरबॉक्सला नवी प्लेट. मेकॅनिकने बागेतच गॅसकटरने भोकं लांबवून गिअरबॉक्स बसवला. बोल्ट आवळले गेले, पण गिअरबॉक्स किंचित तिरका बसला, पंख्याचा शाफ्ट मध्यावरून हलला आणि पाती रिंगला घासायला लागली. पहिल्या टाकीतच दोन पाती गेली. डीलरचा फोन मालकांना गेला: “साहेब, नंबर तुमचा, पार्ट तुमचा, मग बसत का नाही?”

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सर्वांत नेमका प्रश्न.

पहिला निर्णय: नेमकं दुखणं काय

पहिल्या बैठकीत मालकांचं म्हणणं होतं की ईआरपी (सगळ्या विभागांचा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यावी. हिशेब टॅलीत, स्टॉकही टॅलीत, ड्रॉइंग ड्राइव्हवर; सगळं एकत्र आलं की गोंधळ जाईल. प्रॉडक्शन मॅनेजरच्या मते शिस्त लावली की झालं, सॉफ्टवेअरची गरज नाही. डिझाइन हेडला पीडीएम हवं होतं, म्हणजे कॅड फाइल्स, त्यांचा इतिहास आणि मंजुरी सांभाळणारं सॉफ्टवेअर.

ईआरपीचा मुद्दा लवकर मागे पडला. ईआरपीतही आयटम नंबरच लागतो, आणि एका नंबरखाली दोन प्लेटा असतील तर ईआरपी त्या दोन्ही इमानेइतबारे एकाच आयटममध्ये मोजणार. शिस्तीचा मुद्दा मात्र मी सहज उडवला नसता. पाच माणसांत कडक नियम पाळून सामायिक ड्राइव्हवर नीट काम करणाऱ्या कंपन्या सातपूरला मी पाहिल्या आहेत. इथे ते चाललं नसतं, कारण हंगामाआधी दोन शिकाऊ मुलं यायची, आणि एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव बदललं की असेंब्लीचा दुवा तुटतो हे त्यांना दरवर्षी नव्याने शिकवावं लागायचं.

पीडीएमच्या बाजूने आणखी एक साधी गोष्ट होती. सॉलिडवर्क्स प्रोफेशनलच्या लायसन्ससोबत पीडीएम स्टँडर्ड येतं, आणि कंपनीकडे ती लायसन्स होती. ते एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत डेटाबेसवर चालतं, त्यात तेव्हा डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. मालकांनी लगेच विचारलं, “आपला ड्राइव्हच त्याच्या कितीतरी पट आहे, मग?” पण मॉडेलच्या फाइल्स डेटाबेसमध्ये जात नाहीत, त्या वेगळ्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये राहतात, डेटाबेसमध्ये फक्त त्यांची माहिती आणि इतिहास. वर्कफ्लो (मंजुरीच्या टप्प्यांची साखळी) एकच मिळतो, तो इतक्या लहान टीमला पुरतो. स्टँडर्ड घ्यायचं ठरलं.

सॉफ्टवेअर ठरलं तरी नंबरचा नियम ठरलेला नव्हता. माझा आग्रह होता की व्हॉल्ट (पीडीएममधला फाइल्सचा बंदिस्त साठा) तयार करण्याआधी नंबर आणि रिव्हिजनचे नियम कागदावर यावेत. चुकीचे नियम पीडीएममध्ये घातले तर ते चुकीचं काम फक्त जास्त वेगाने होतं.

दुसरा निर्णय: बोलका नंबर की मुका नंबर

हा वाद सर्वांत लांबला. बोलक्या नंबरच्या बाजूने स्टोअरकीपर काका होते, आणि त्यांचा मुद्दा भावनिक नव्हता. “जीएम म्हटलं की मी गिअरबॉक्सच्या रॅककडे जातो. उद्या तुम्ही १०४३७ म्हणाल, मी कुठं जाऊ?”

विरुद्ध बाजूला ती ६०० ची कॉपी होती. नंबरात ‘४००’ होतं म्हणूनच तो पार्ट दुसऱ्या मॉडेलमध्ये वापरायची लाज वाटली आणि कॉपी जन्माला आली. ड्राइव्हवर शोधलं तर अशा जोड्या बऱ्याच निघाल्या, अगदी टाकीच्या पट्ट्याच्या क्लॅम्पपर्यंत. पार्ट कुठे वापरला जातो ही माहिती बदलत राहते, आणि बदलणारी गोष्ट नंबरात कोरली की नंबर कधीतरी खोटं बोलायला लागतो. ती माहिती पीडीएममधल्या फाइलच्या डेटा कार्डवर ठेवावी: वर्णन, गट, मटेरियल, रॅक. पार्ट कुठे-कुठे वापरलाय ते पीडीएमच दाखवतं.

शेवटी तडजोड झाली. नवा नंबर सहा आकडी आणि क्रमाने, पण पहिला आकडा प्रकाराचा: १ म्हणजे विकतचा, २ म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला, ३ म्हणजे असेंब्ली. काकांसाठी रॅकचा कोड वेगळ्या रकान्यात, आणि तो पार्टच्या टॅगवर मोठ्या अक्षरात. पहिल्या आकड्याला माझा विरोध होता, तो मी नोंदवला आणि गप्प बसलो.

जुन्या पार्टचे नंबर बदलायचे का? डिझाइन हेडला सगळं एकसारखं हवं होतं. सर्व्हिसच्या साहेबांनी हात जोडले: पार्ट बुकं डीलरांकडे गेलेली, कित्येक शेतकऱ्यांच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली. दिलेला नंबर परत घेता येत नाही. ठरलं असं की जुना पार्ट जुन्या नंबरानेच जगेल, नवा पार्ट जन्मला तरच नवा नंबर, आणि बाद झालेला नंबर पुन्हा कोणालाच मिळणार नाही. हा निर्णय दिसायला आळशी आहे, पण सगळ्यांत शहाणा तोच होता.

तिसरा निर्णय: रिव्हिजन कधी, नवा नंबर कधी

ही खरी गाठ. आकार, जोडणी आणि काम या तिन्हींत नवा पार्ट जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी चालत असेल तर रिव्हिजन. एकात जरी अडलं तरी नवा नंबर. जगभरात हाच नियम लावतात. पण नियम सांगून डोकी हलत नव्हती. निफाडकडचे प्रॉडक्शन मॅनेजर मध्येच म्हणाले, “म्हणजे सातबारा आणि फेरफारसारखं. गट नंबर तोच राहतो, फेरफार चढत जातात. पण जमीनच तुटली, पोटहिस्सा पडला, की त्याला वेगळा नंबर.” त्या टेबलावर शेतजमीन नसलेला माणूस एखादाच असेल. त्यानंतर वाद तपशिलावर आला.

कसोटी अशी ठरली: जुना आणि नवा पार्ट एका बिनमध्ये टाका. काकांनी न बघता कोणताही उचलला आणि मशीन जुनं असो की नवं, तो बसून चालला, तर रिव्हिजन. नाहीतर नवा नंबर. प्लेटची कड गोल केली, ड्रॉइंगमधली राहून गेलेली टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) घातली, कोटिंगची नोट सुधारली: रिव्हिजन. भोकं सरकली: नवा नंबर.

आता ०१२ चं काय? मालकांचा हिशेब व्यावहारिक होता. यापुढे डीच बनणार, म्हणून डीला ०१२ राहू दे आणि जुन्या सी ला नवा नंबर द्या. ऐकायला बरोबर. पण छापलेल्या प्रत्येक बुकात ०१२ म्हणजे जुनी प्लेट; तो अर्थ बदलला तर दिंडोरीचा प्रकार दरवर्षी होणार. म्हणून ०१२ जुन्या प्लेटलाच राहिला, डीला नवा २ ने सुरू होणारा नंबर मिळाला, आणि ६०० ची ००४ ही प्लेट ‘वापरू नये, ०१२ पाहावा’ अशी बाद झाली. मधल्या काळात जी मशीन्स डी प्लेट लावून पण ०१२ छापलेल्या बुकासह गेली, ती मशीनच्या सिरियल नंबरवरून ओळखायची ठरली. सर्व्हिसने तशी एक पानाची पत्रिका डीलरांना पाठवली.

नवा नंबर वरच्या असेंब्लीपर्यंत किती चढवायचा यावरही बराच वेळ गेला, आणि तो द्यायला हवाच होता. प्लेट आणि गिअरबॉक्स मिळून होणारी असेंब्ली फ्रेमवर जुन्यासारखीच बसते, शाफ्टही तोच लागतो. मग तिला फक्त रिव्हिजन पुरे, असं डिझाइनचं म्हणणं. नियमाच्या शब्दांप्रमाणे ते बरोबर होतं. सर्व्हिसचे साहेब म्हणाले, “असेंब्ली अख्खी बदलली तर चालेल हो. पण मेकॅनिक अख्खी बदलत नाही, तो आतली प्लेट मागतो. असेंब्लीवर एकच नंबर असेल तर आत कुठली ते मला कसं कळणार?” आतला दुरुस्तीचा पार्ट अदलाबदल होत नसेल तर त्याला धरणाऱ्या असेंब्लीचाही नंबर बदलावा, असं ठरलं. पूर्ण मशीनपाशी ही साखळी थांबवली. तिथे सिरियल नंबर आहेच.

प्रत्यक्ष केलेलं काम

पाच मॉडेलवर्षांच्या सगळ्या फाइल्स व्हॉल्टमध्ये ओतायचा मोह टाळला. चालू असलेली दोन मॉडेल्स साफ करून आत घेतली; बाकी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता ठेवला आणि गरज लागेल तो पार्ट तेव्हा आत आणायचा. साफसफाईत सगळ्यांत त्रास दिला तो एका बारीक गोष्टीने. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट नंबर फाइलच्या कस्टम प्रॉपर्टीत लिहिता येतो, तसाच कॉन्फिगरेशनच्या (एकाच फाइलमधल्या वेगवेगळ्या प्रकारांच्या) प्रॉपर्टीतही. दोन्हीकडे काही लिहिलं असेल तर ड्रॉइंग कॉन्फिगरेशनचं उचलतं. कॉपी केलेल्या फाइल्समध्ये एकीकडे नवा नंबर आणि दुसरीकडे जुना, म्हणून फाइलचं नाव एक आणि पार्ट लिस्टमध्ये नंबर भलताच. एक-एक फाइल उघडून हे काढावं लागलं. पुढे नियम केला: ड्रॉइंगप्रमाणे बनणाऱ्या पार्टला एक फाइल, एक नंबर, फाइलचं नाव म्हणजेच नंबर, आणि व्हॉल्टमध्ये एकाच नावाची दुसरी फाइल चालणार नाही. कॉन्फिगरेशन फक्त बोल्ट, वॉशर, होज क्लिप अशा सामानापुरती.

नंबर वाटपासाठी कुठलंही खास साधन घेतलं नाही. नंबर रजिस्टर ही एक एक्सेल फाइल, पण ती व्हॉल्टच्या आत. नंबर हवा तर ती चेकआउट करायची. एकाने केली की दुसऱ्याला करता येत नाही, त्यामुळे दोघांना एक नंबर जाणं बंद झालं. गावठी उपाय आहे, पण चालतो.

वर्कफ्लोत पाच अवस्था: काम चालू, तपासणी, मंजूर, बदल चालू, बाद. रिव्हिजनचं अक्षर मंजुरीच्या टप्प्यावर आपोआप चढतं, हाताने लिहिता येत नाही. आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वगळली, एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या वाय१४.३५ मानकात सांगितल्याप्रमाणे. आय म्हणजे एक आणि ओ म्हणजे शून्य वाचणारे लाइनवर असतातच. मॉडेल आणि त्याचं ड्रॉइंग नेहमी जोडीने पुढे जातं, म्हणजे मॉडेल सी आणि ड्रॉइंग डी असा प्रकार उरत नाही.

व्हर्जन आणि रिव्हिजनचा गोंधळ अपेक्षेप्रमाणे झाला. प्रत्येक चेकइनला (फाइल व्हॉल्टमध्ये परत ठेवताना) पीडीएम व्हर्जनचा आकडा वाढवतं. डिझायनर दिवसातून चार वेळा चेकइन करेल तर चार व्हर्जन. पर्चेसवाल्याने एकदा लेझरवाल्याला “व्हर्जन १४ कापा” असं सांगितलं आणि त्याच्याकडे होती रिव्हिजन बी. त्यानंतर पर्चेस, स्टोअर आणि लाइनला चालू कामाची व्हर्जन्स दिसणंच बंद केलं. त्यांना फक्त शेवटची मंजूर रिव्हिजन दिसते. वर बदल चालू असला तरी खाली मंजूर प्रतच उघडते.

जुन्या मशीनची असेंब्ली पाहायची असेल तर आणखी एक सवय लावावी लागली. असेंब्लीची जुनी रिव्हिजन उघडताना आतले पार्ट ताजे घ्यायचे की त्या वेळी जोडलेले, हे पीडीएम विचारतं. सर्व्हिसला नेहमी त्या वेळचेच हवे असतात. सवयीने ‘लेटेस्ट’ दाबलं की जुन्या मशीनमध्ये नवा गिअरबॉक्स दिसतो आणि आपण पुन्हा मूळ पदावर.

बदलासाठी एक पानाचा ईसीएन (बदलाची सूचना देणारा कागद) केला. त्यात तांत्रिक मजकुरापेक्षा मोठी जागा चार प्रश्नांना दिली: स्टोअरमध्ये किती नग आहेत, लेझरवाल्याकडे किती, लाइनवर किती आणि बाजारात कोणत्या सिरियलपर्यंत. प्रत्येकापुढे वापरून संपवा, दुरुस्त करा किंवा भंगारात टाका. पीडीएफ आणि डीएक्सएफ मंजुरीनंतरच काढायच्या, नावात नंबर आणि रिव्हिजन दोन्ही, पर्चेस ऑर्डरवरही दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर डीएक्सएफ पाठवणं बंद.

लेझरवाल्याने स्वतःहून सुचवलं की कापताना तो प्लेटवर नंबर कोरूनही देईल. क्वालिटीला रिव्हिजनही कोरून हवी होती. ती कोरली नाही. रिव्हिजन बदलूनही पार्ट अदलाबदल होतोच असा आपला नियम, मग मेकॅनिकला तिचं अक्षर दाखवून शंका का निर्माण करायची? बॅच टॅगवर रिव्हिजन, लोखंडावर फक्त नंबर.

बॅकअपचं एवढंच सांगतो: डेटाबेस आणि आर्काइव्ह दोन्हींचा एकाच वेळचा लागतो. एकच असेल तर तो बॅकअप नाही.

निष्पत्ती

पुढच्या हंगामात प्लेटची तक्रार आली नाही. डीलरने ०१२ मागितला तर जुनी प्लेट गेली, नवा नंबर मागितला तर नवी. काकांना विचार करावा लागला नाही. दुहेरी नंबर सापडत गेले तसे बाद होत गेले, काही बिन रिकाम्या झाल्या. नवीन मॉडेलच्या कामात डिझायनर आधी जुना पार्ट शोधायला लागले, कारण कॉपी करण्यापेक्षा शोधणं सोपं झालं.

सगळं गोड मात्र नाही. मंजुरीचा अधिकार एकट्या डिझाइन हेडकडे होता. ते डिसेंबरात प्रदर्शनाच्या स्टॉलवर असताना फाइल्स तपासणीतच अडकून राहिल्या आणि लाइनने मंजूर ड्रॉइंगवर पेन्सिलने माप बदलून काम केलं. ती पेन्सिल नंतर कोणाच्याच रेकॉर्डमध्ये सापडली नाही, वेल्डरला आठवत होती म्हणून निभावलं. मग किरकोळ बदलांपुरता दुसऱ्या सिनियरला अधिकार दिला.

काय वेगळं करता आलं असतं

नंबरचा पहिला आकडा. वर्ष भरायच्या आत पंपाचं ब्रॅकेट, जे ड्रॉइंगप्रमाणे बनत होतं, ते पंपवाल्याकडून तयारच यायला लागलं. नंबर २ ने सुरू, पार्ट विकतचा. नंबर बदलता येत नाही कारण पार्ट तोच आहे, आणि आकडा आता खोटा. मोठं नुकसान नाही, पण पर्चेसचा एक रिपोर्ट पहिल्या आकड्यावर बेतलेला होता, तो मोडला. घरात की बाहेर ही माहिती सुरुवातीपासून डेटा कार्डवर असती तर हे झालं नसतं.

सर्व्हिसचे साहेब तिसऱ्या बैठकीला आले. पहिल्या दोन बैठकांत आम्ही फाइलचं नाव, फोल्डर, परवानग्या यावर तासन्‌तास बोललो, आणि पार्ट बुकाचा विषय कोणी काढलाच नाही. ते पहिल्या दिवशी असते तर नंबर बदलायचा तो प्रस्ताव टेबलावर आलाच नसता. लेझरवाल्यालाही उशिरा सामील केलं; कोरण्याची सूचना त्याची होती आणि ती आम्हाला सुचायला हवी होती असं नाही, त्याला विचारायला मात्र हवं होतं.

हंगामाच्या तोंडावर बदल लागू करायचा की नाही, हाही वादाचा मुद्दा. कामाची सुरुवात खरड छाटणीनंतर (द्राक्षं निघाल्यावरच्या छाटणीनंतर), मे महिन्यात झाली आणि व्हॉल्ट ऑगस्टअखेर चालू झालं. सप्टेंबरात लाइन पूर्ण भारावर असताना लोक नवी पद्धत शिकत होते. मालकांना वाटतं तेच बरं झालं, गरज असताना शिकले. मला वाटतं जूनअखेर एकच मॉडेल चालू केलं असतं तर ती पेन्सिल कदाचित उचलली गेली नसती. यावर आमचं एकमत नाही.

टॅलीतले जुने आयटम अजून तसेच आहेत. ००४ च्या नावावर काही प्लेटा शिल्लक दिसतात. त्या प्रत्यक्षात ०१२ च्या बिनमध्ये हलवल्या आहेत, पण हिशेबात त्यांची बदली मार्चअखेर करायची असं अकाउंट्सने सांगितलं आहे. तोपर्यंत काकांनी बिनवर खडूने दोन्ही नंबर लिहून ठेवले आहेत, आणि त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.